‘एलडी म्हणजे श्रीमंतांची पळवाट’? मग गावातली मुलं गेली कुठे?

मीनल_सातारा (धागाकर्ती)

परवा इथे नाना_पुणेकर यांनी ‘एलडी म्हणजे श्रीमंतांची पळवाट’ असा लेख टाकला. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता: बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या वेळी असलं काही नव्हतं, झेडपीच्या शाळेत आजही नाही, एलडीची सगळी प्रमाणपत्रं मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांत सापडतात, म्हणजे हा त्रास खरा नाहीच, दहावीचे टक्के वाढवायला पालकांनी मिळवलेली सवलत आहे. तिथे उत्तर द्यायला बसले आणि लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतली विशेष शिक्षिका आहे, कंत्राटी. गटसाधन केंद्रातून वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत फिरते. नाना, तुम्ही म्हणता ती ‘नसलेली’ मुलं मला दर आठवड्याला भेटतात. सहावीतली एक मुलगी आहे. बापाचा उसाचा हिशोब तोंडी चुकत नाही, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगते. वही उघडली की ‘किती’चं ‘कती’, ‘दिवस’चं ‘दवसि’. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर, तिथेच ती अडते. जोडाक्षर आलं की ओळच सोडते. वर्गात तिला एकच नाव आहे, ‘ढ’. तिला प्रमाणपत्र नाही, म्हणून तुमच्या हिशोबात ती नाही.

प्रमाणपत्र मिळतं कसं ते बघा. आधी डोळे आणि कान, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. मुंबईत सायन, नायरसारख्या रुग्णालयांत त्यासाठी क्लिनिक आहेत. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसशास्त्रज्ञच नाही. प्रत्येक फेरीला आई-बापाची मजुरी बुडते, आणि काम एका फेरीत होत नाही. कोण जाईल?

आणि आकडे मागायचेत तर हे घ्या. २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले. त्या रकान्यांत अध्ययन अक्षमता नव्हतीच. मतिमंदत्व होतं, हे नव्हतं. दिव्यांग हक्क कायद्यात ती आली २०१६ ला, २१ प्रकारांच्या यादीत. आपल्याकडच्या पाहण्यांमध्ये साधारण ५ ते १५ टक्के मुलांना हा त्रास असल्याचं सांगतात. अगदी खालचा आकडा धरला तरी ४० च्या वर्गात दोन. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमात लिहिलंय की अशी मुलं शाळेनं लवकरात लवकर ओळखायची. पालकांनी मागितली तर द्यायची ही भीक नाही, शाळेचं काम आहे.

नाना_पुणेकर

ताई, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण मुद्द्याला बगल दिलीत. मी बोर्डाचे पेपर अनेक वर्षं तपासले. मला एवढंच सांगा, पाचवीत कुणाला नसलेलं एलडी नववीच्या दिवाळीनंतर एकदम कसं उगवतं? जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभव. जी अक्षमता जन्मापासून असते म्हणता ती बोर्डाचा फॉर्म भरायच्या वेळीच का दिसते? २०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं काय प्रकरण गाजलं, ते विसरलात का? कागद मिळतात हो. मी संशय घेतो तो मुलांवर नाही, कागदांवर.

अश्विनी_ठाणे

नाना काका, त्या नववीच्या गर्दीतली एक आई मीच आहे. आठवीपर्यंत नापास करायचंच नाही असा नियम होता. माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ‘हुशार आहे, पण आळशी आहे’. आम्ही क्लास बदलले, मोबाइल काढून घेतला, त्याच्या बाबांनी हातसुद्धा उचलला. नववीत पहिल्यांदा चार विषय गेले तेव्हा शाळा म्हणाली, एकदा तपासून घ्या. म्हणून नववी. तो त्रास तेव्हा उगवला नाही, तेव्हा शाळेनं पहिल्यांदा तोंड उघडलं. पुढे तारखेसाठी महिनोन्महिने थांबलो. विकत मिळत असतं तर थांबलो असतो का?

आता मुलगा बरा आहे. जादा वेळ मिळतो, मराठी विषय सोडला, गणित सातवीचं घेतलं. रात्री झोपतो तरी शांत.

मायमराठी

थांबा. मराठी विषय सोडला? ठाण्यात राहून, मराठी घरातल्या मुलानं? २०२० ला मराठी सक्तीचा कायदा केला तो कशासाठी? सवलत हवी तर इंग्रजी सोडा की! नेहमी मराठीच का बळी जाते? आणि खरं दुखणं हेच आहे. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो. इंग्रजीत लिहायचं एक, वाचायचं दुसरं. पोराला परक्या भाषेत टाकायचं, ते गोंधळलं की डॉक्टरकडे न्यायचं. मराठी माध्यमात घाला, निम्मी एलडी पळून जाईल.

अश्विनी_ठाणे

शाळा इंग्रजी माध्यमाची, मग इंग्रजी कशी सोडणार? नियम दुसरी किंवा तिसरी भाषा सोडण्याचा आहे. आणि माझा मुलगा आजीशी मराठीतच बोलतो, ओव्या पाठ आहेत त्याला. तुम्ही त्याला मराठीचा शत्रू ठरवू नका. दहावीच्या वर्षी रोज रात्री उलट्या करणारं मूल सांभाळून बघा, मग भाषेवर भाषण द्या.

मायमराठी

उलट्या इंग्रजी शाळेमुळेच होतात. निर्णय तुमचाच होता.

मीनल_सातारा

मायमराठी, हे वाक्य मागे घ्या. कुठल्याही आईला असं बोलू नये.

तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे तेवढं मान्य करते. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल तर अशा मुलाचा त्रास दुप्पट होतो. पण मराठीत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची एलडी, नसते हे साफ चूक आहे. मी सांगितलेली मुलगी झेडपीत शिकते, इंग्रजी तिच्या वाटेला फारसं आलेलंच नाही. आपल्या लिपीत हा त्रास वेगळा दिसतो, एवढंच. मूल अक्षर ओळखतं, पण वाचन पुढे सरकत नाही. एकेक अक्षर लावून वाक्य संपेपर्यंत सुरुवातीचं विसरतं. मात्रा, वेलांट्या, रफार जागा बदलतात. ‘जसं बोलतो तसं लिहितो’ म्हणणाऱ्यांनी एकदा ‘कार्य’, ‘क्रम’ आणि ‘कृती’ तिसरीतल्या मुलाला लिहायला सांगावं. र आणि ऋ किती ठिकाणी बसतात ते मोजा.

मायमराठी

ते वाक्य मागे घेतो. अश्विनीताई, राग तुमच्यावर नव्हता. पण माध्यमाचा मुद्दा सोडणार नाही. मराठी शाळा बंद पडतायत, तिथले शिक्षक दुसरीकडे पाठवले जातायत, आणि इथे कुणाला त्याचं काही नाही.

गुरुजी_नांदेड

आता शाळेचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग. सकाळी पोषण आहार, दुपारी ऑनलाइन माहिती, मध्येच सर्वेक्षण, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदारयाद्यांचं काम. मुलांना शिकवायचं कधी? वरून म्हणणार, एलडीची मुलं ओळखा.

मीनलताई, प्रामाणिक प्रश्न विचारतो, टोमणा नाही. माझ्या चौथीत अर्ध्या मुलांना धड वाचता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दिवाळीला जातात ती शिमग्यानंतर परत येतात. यातलं कोण अक्षम आणि कोण न शिकवलेलं, हे मी कसं ओळखू? सगळ्यांनाच एलडी म्हटलं तर सरकारची जबाबदारी सुटते. हे मला नानांच्या प्रश्नापेक्षा जास्त छळतं.

मीनल_सातारा

गुरुजी, या धाग्यावरचा सगळ्यात खरा प्रश्न तुमचा आहे. एका चाचणीत ते ओळखता येत नाही, आणि ऊसतोडीहून आलेल्या मुलाला लगेच एलडी म्हणणं अन्यायच आहे. आधी शिकवायचं. लहान गटात, रोज थोडा वेळ, अक्षर-आवाजाच्या जोडीपासून, काही महिने. न शिकवलेलं मूल भराभर वर येतं. ज्याला खरा त्रास आहे ते तेवढ्याच मेहनतीत जागचं हलत नाही, किंवा आज आलेलं उद्या हरवतं. त्याला पुढे तपासणीला पाठवायचं. म्हणजे तुम्हाला शिकवायला वेळ हवा, आणि तोच कुणी देत नाही. माझ्याकडेही शाळा इतक्या, की एका मुलापर्यंत परत पोचायला फार दिवस जातात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ ला सांगितलंय, प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. आमच्या तालुक्यात या, दाखवते.

प्रथमेश_वायरमन

मी हे बोलून टाईप करतोय, चुका असतील. दहावी रायटर घेऊन पास झालो. गावच्या शाळेत ‘दुसऱ्यानं पेपर लिहिला’ म्हणून अजून चिडवतात. उत्तरं मी सांगितली, हात त्याचा होता. नंतर आयटीआय केलं. वायरिंगचा नकाशा मला एकदा बघून कळतो, पण कामाचा लेखी अहवाल द्यायचा म्हटलं की घाम फुटतो. नाना म्हणतात सवलत श्रीमंतांची. दहावीनंतर कुठली सवलत? सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांग आणि आम्ही, अशा पाच जणांत. त्यालाही ४० टक्के अपंगत्व लागतं. वाचता न येणं किती टक्के ते मोजायचं कसं, डॉक्टरलाच विचारलं, तेही गप्प बसले.

नाना_पुणेकर

प्रथमेश, तुमचं वाचलं. तुम्हाला पळवाट म्हणायची माझी हिंमत नाही. मीनलताईंचा गावातल्या मुलांचा मुद्दाही मान्य, प्रमाणपत्र नाही म्हणून मूल नाही असं मी लिहायला नको होतं. आठवीपर्यंतच्या ढकलगाडीचा मुद्दाही पटला. पण कागदांवरचा माझा संशय तसाच आहे. खोटं प्रमाणपत्र निघालं तर देणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. लेखाचं शीर्षक बदलणार नाही.

अश्विनी_ठाणे

शीर्षक बदलणार नसाल तर मान्य केलंत त्याला काय अर्थ? तो लेख आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. माझा मुलगाही त्या ग्रुपवर आहे. खोट्यावर कारवाई करा, मी स्वतः तक्रारीवर सही करीन. पण तोवर खऱ्यांना चोर म्हणू नका.

गुरुजी_नांदेड

नाना-अश्विनीताई, तुमचं चालू द्या. मीनलताई, पहिली-दुसरीतच अंदाज यावा असं मराठीत काही आहे का? जे दिसतं ते सगळं इंग्रजीत.

मीनल_सातारा

आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाचा संच २०१५ ला काढला, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. त्यात शिक्षकांनीच भरायच्या छाननीच्या याद्या आहेत, पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. त्यावरून निदान करायचं नाही, कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं तेवढं कळतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तुमच्या केंद्राची शिक्षण परिषद असेल तेव्हा मला बोलवा, सगळ्यांना एकदम दाखवते.

मायमराठी

मराठीत आहे हे ऐकून बरं वाटलं. शिक्षण विभागानं ते प्रत्येक मराठी शाळेत का पोचवलं नाही, यावर वेगळा धागा काढतो.