2022 चा आवडता झुंड, डोक्यात गेलेला केजीएफ 2. या भांडायला

फर्स्टशोवाला
वर्ष संपून राह्यलं म्हणून माझी यादी टाकतो, पटली नाही तर खाली शिव्या घाला. सगळ्यात आवडलेला झुंड, म्हणजे झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉल टीमचा सिनेमा, दोन नंबर कांतारा, तीन नंबर मी वसंतराव. आणि सगळ्यात डोक्यात गेलेला केजीएफ 2. हो, माहीत आहे, हजार कोटीच्या वर कमावले त्यानं. रॉकीभाई मशीनगननं पोलीस स्टेशन उडवतो आणि मग तिच्या तापलेल्या नळीवर सिगरेट पेटवतो, अख्खं थेटर शिट्ट्या मारत होतं अन् मी घड्याळ पाहत होतो. बरं मारामारीचं वावडं नाही मले, पण हिरोइन रीनाला उचलून आणतो, कायले तं म्हणे एंटरटेनमेंटसाठी, आणि तीच पुढं त्याच्या प्रेमात पडते. 2022 मधे असं कोण लिहिते राजेहो?

झुंड आपल्या नागपूरचा म्हणून आवडला असं नाही (थोडं तसंही आहे, पोरं पडद्यावर आपल्यासारखी बोलताना ऐकली की कान सुखावतातच). बच्चनसाहेब समोर असूनही कॅमेरा पोरांवरच राहते, ही खरी गोष्ट. एअरपोर्टवर अंकुश गेडामचा डॉन चेकिंगमधून जातो, मशीन वाजते, परत जातो, परत वाजते, शेवटी खिशातलं ब्लेड काढून फेकतो. पोरगं सुधरलं वगैरे सांगायला तिथं कोणी भाषण देत नाही.

तर्रीपोहा
भाषण नाही म्हणता, मग कोर्टात बच्चनसाहेब काय भजन म्हणून राह्यले होते भाऊ? इंटरव्हलपर्यंत एक नंबर सिनेमा, कॉलेजवाल्यांसोबतची मॅच तर मी खुर्चीच्या टोकावर बसून पाह्यली. नंतर पासपोर्ट, पोलीस, कोर्ट, परत पासपोर्ट. 2 तास 58 मिनिटं! पाऊण तास कापला असता तं घरचे सोबत आले असते. माझ्या बायकोनं तं शेवटी कोणती टीम जिंकली हेच विचारलं.

धंतोलीची_ताई
कागदपत्रांचा भाग कापा म्हणणाऱ्यांनी एकदा सेतूमधे उभं राहून जातीचा दाखला काढून दाखवावा, मग बोलावं. झुंडमधली मोनिका आणि तिचा बाप ओळखीचा पुरावा मिळवायला वणवण फिरतात, हा सांगेल ते आण, तो म्हणेल उद्या ये, माणूस समोर उभा आहे पण तो तोच आहे हे कागदाशिवाय कोणी मानायला तयार नाही, ते बघताना मला मॅचपेक्षा जास्त धडधडत होतं. फुटबॉल जिंकायची गोष्ट बाकी सिनेमांनी दाखवून झाली आहे, इथे मैदानापर्यंत पोचणंच अवघड आहे. आणि लांबीचं म्हणाल तर मी वसंतराव पण जवळपास तीन तासांचा, आरआरआर तर तीनच्या वर, तिथे कोणाची तक्रार नाही! झोपडपट्टीतली पोरं तीन तास दिसली की मात्र लगेच सिनेमा लांबतो.

तर्रीपोहा
ताई, हे मले नका चिकटवू. आरआरआरमधे शेवटपर्यंत काही ना काही घडते, इथं एकच मुद्दा चार वेळा येते. पोरांचं काम तं मीही वाखाणतो, अंकुश गेडामले पुढच्या वर्षी डेब्यूचं अवॉर्ड नाही भेटलं तं बोला. लांब ते लांब, बस.

रॉकीचा_मावसभाऊ
अबे तुम्ही सिनेमा पाहाले जाता का पेपर तपासाले? आठवडाभर साहेबाच्या शिव्या खाल्ल्यावर रविवारी पोलीस स्टेशन उडताना पाहिलं की बरं वाटते, एवढंच पाह्यजे. आणि काय हो फर्स्टशोवाले, रीनाचं बरं दिसलं तुम्हाले? तुमच्या दोन नंबरच्या कांतारात शिवा लीलाच्या कमरेला चिमटा काढतो, ते काहून चाललं? तिथं देव आहे म्हणून का?

फर्स्टशोवाला
नाहीच चाललं, म्हणून तं तो दोन नंबरवर आहे. पण शेवटची वीस मिनिटं, ऋषभ शेट्टीच्या अंगात दैव येते तिथून पुढं, थेटरात कोणी मोबाइल काढला नाही. केजीएफमधे सगळे मोबाइल काढूनच बसले होते, स्टेटसला टाकायले.

रॉकीचा_मावसभाऊ
म्हणजे एकाचे वीस मिनिटं चांगले तं चिमटा माफ, दुसऱ्याचे तीन तास शिट्ट्या तरी फाशी. वा रे न्याय.

जुना_रसिक
तुम्हा लोकांचं चालू द्या, पण मी वसंतराव तीन नंबरला? गायक वसंतराव देशपांडे, माणूस मुर्तिजापूरचा, नागपुरात वाढला. सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात आपण लहानपणापासून नाटकं पाहतो, पण ते कोणते देशपांडे हे आमच्या घरातल्या पोरांना या सिनेमामुळे कळलं. राहुल देशपांडेला गाण्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते योग्यच, आजोबांची भूमिका करायची आणि गायचंही स्वतःच, सोपं नाही. माझी तक्रार एकच. नातवानं केल्यामुळे सिनेमा आजोबांवर जरा जास्तच लोभ करतो, एखादा कोपरा तरी खडबडीत ठेवायला हवा होता. आणि सगळ्यात न आवडलेला म्हणाल तर ब्रह्मास्त्र. एवढा खर्च करून संवाद लिहायला पैसे उरले नसावेत, आलियाला शिवा शिवा म्हणण्यापलीकडे कामच नाही.

धंतोलीची_ताई
काका, ब्रह्मास्त्रावर आपलं एकमत. आणि गोदावरी कोणाच्याच यादीत कसा नाही? नोव्हेंबरात आला, त्याच महिन्यात त्यात काम केलेले विक्रम गोखले गेले. जितेंद्र जोशी त्यात इतका चिडका आहे की पहिला अर्धा तास त्याचा रागच येतो, मग हळूहळू का चिडतो ते कळतं. इथे शो भर दुपारी एकच होता, आम्ही पाच-सहा जण होतो आणि त्यातले दोघं एसीसाठी आलेले.

तर्रीपोहा
नोव्हेंबरात एसी?

धंतोलीची_ताई
बरं, झोपायला. घोरत होते एवढं नक्की.

रॉकीचा_मावसभाऊ
गोदावरी ओटीटीवर आला की पाहीन, उगाच हो नाही म्हणत. आता 30 तारखेला वेड येऊन राह्यला, रितेश-जिनिलिया, वर अजय-अतुलची गाणी. कोण कोण येते बर्डीच्या थेटरात? फर्स्टशोवाले, तुम्हीही या, पण घड्याळ घरी ठेवून या.

फर्स्टशोवाला
मजिलीचा रिमेक आहे तो, तेलुगू पाह्यलाय मी. तिकीट तू काढत असशील तं येतो.