इन्फ्लेशन: अतिप्रसरण, स्फीती की फुगवटा?

पारिजात: आरंभीच्या विश्वावरचा लेख मराठीत करतेय. वाक्य असं: इन्फ्लेशन (विश्वाचं अगदी सुरुवातीचं, क्षणभराचं प्रचंड वेगवान फुगणं) थांबलं, पण एक्स्पान्शन (साधं प्रसरण) चालू राहिलं. दोन्हीकडे 'प्रसरण' लिहिलं की वाक्यच निरर्थक होतं. शिवाय ज्या क्षेत्रामुळे हे घडलं असं मानतात, त्याच्या कणाला, इन्फ्लेटॉनला, काय म्हणायचं?

सप्तर्षी: अतिप्रसरण. रूढ शब्द आहे, वापरून टाका.

पारिजात: 'अति' म्हटलं की नको तितकं, असं वाटतं.

शब्दयात्री: अतिनील किरणांत कुठे तसं वाटतं? माझा आक्षेप वेगळा आहे. फरक नुसत्या प्रमाणाचा नाही. पदार्थ आणि प्रारण यांच्या गुरुत्वाने प्रसरण मंदावत जातं. इथे क्षेत्राची ऊर्जाघनता जवळजवळ स्थिर राहते, दाब ऋण असतो, म्हणून वेग वाढतच जातो. सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात अंतरं निदान १०^२६ पट! 'अति'मध्ये हे कुठे येतं?

मोगरा: मग स्फीती घ्या. महास्फोटाशी नातंही जुळतं, धातू एकच.

शब्दयात्री: मुळीच नाही. स्फोट 'स्फुट्'वरून, म्हणजे फुटणं. स्फीत 'स्फाय्'वरून, म्हणजे वाढणं, पुष्ट होणं. महास्फोट या शब्दामुळेच लोक 'स्फोट नेमका कुठे झाला?' असं विचारतात.

सप्तर्षी: स्फीती हिंदीतली, मुद्रास्फीतीवाली. आपला चलनफुगवटा आहे की. फुगवटा म्हणा.

मोगरा: फुगवटा भिंतीला येतो, एका जागी. इथे सगळंच फुगतंय. आणि हिंदीतली कशी? शब्द संस्कृत आहे, दोघींचाही.

ध्रुव: प्रोटॉनला प्रतिशब्द शोधला नाही, मग इथेच हट्ट का? इन्फ्लेशन, इन्फ्लेटॉन, दोन्ही तसेच ठेवा.

शब्दयात्री: कणाचं नाव ठेवा. तो अजून सापडलेलाही नाही. मूलकणांना वस्तुमान देणारं हिग्ज क्षेत्रच ते काम करत असेल, अशीही एक मांडणी २००८ मध्ये झाली. पण प्रक्रिया वाचकाला मराठीतच कळली पाहिजे. इन्फ्लेशनची कल्पना मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गूथ यांच्या १९८१ च्या शोधनिबंधात विश्व 'फॉल्स व्हॅक्यूम'मध्ये अडकतं. त्याला तुम्ही काय म्हणाल?

सप्तर्षी: आभासी निर्वात.

मोगरा: आभासी कसं? ती अवस्था खरीच असते, फक्त सर्वांत कमी ऊर्जेची नसते. अस्थायी निर्वात म्हणा.

ध्रुव: ऊर्जेने भरलेलं आणि तरी निर्वात?

मोगरा: वात म्हणजे वारा. वारा नाही, एवढंच तो शब्द सांगतो.

पारिजात: आणि इन्फ्लेशनचं काय ठरलं?

सप्तर्षी: मग 'निर्वात पोकळी' ही द्विरुक्ती म्हणायची का?