सगळीकडचे व्हिडिओ एकाच ॲपमधून शोधता येतात का? आईसाठी पाहिजे

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आईला जुने मराठी पिक्चर आणि दूरदर्शनच्या पूर्वीच्या मालिका बघायच्या असतात. तिच्या फोनमध्ये तीन ओटीटी आहेत, शिवाय युट्यूब, आणि एक पिक्चर शोधायचा म्हणजे प्रत्येकात जाऊन टाइप करा, एकात मराठीत लिहिलं तर सापडतं, दुसऱ्याला इंग्रजी स्पेलिंगच लागतं, तोवर चहा गार होतो आणि ती म्हणते राहू दे रे. मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मामांनी एक एपीके (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) टाकली, सगळे ओटीटी फुकट म्हणून. आईच्या फोनमध्ये टाकून बघितली तर उघडल्याबरोबर एसएमएस वाचायची परमिशन मागितली, नाही म्हटलं तर पुढेच जाईना. मी तिथंच थांबलो. असं चांगलं ॲप आहे का कुठलं?

रात्रपाळी:
थांबलात ते फार बरं केलंत दादा. पिक्चर दाखवायला एसएमएस कशाला लागतो? बँकेचा ओटीपी एसएमएसवर येतो, त्यासाठीच मागतात. आता नुसतं अनइन्स्टॉल करून सोडू नका. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन त्या ॲपचं नाव चालू दिसतंय का बघा, कारण ती परवानगी मिळाली की ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंपण दाबू शकतं. मग प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे घातक ॲप शोधणारं स्कॅन करा. आणि मामांचा फोन आजच बघा, त्यांनी ‘अलाऊ’ दाबलं असेल तर अवघड आहे. पैसे गेले तर वेळ न घालवता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

पत्कीवाडा:
शोधणं वेगळं आणि दाखवणं वेगळं हे आधी लक्षात घ्या. शोधायला जस्टवॉच आहे, जर्मनीतल्या कंपनीचं, पण त्यात भारत निवडता येतो. तुमच्याकडे कुठले ओटीटी आहेत ते एकदा टिक करून ठेवायचं, मग नाव टाकलं की कुठे आहे, भाड्यानं आहे की सबस्क्रिप्शनमध्ये ते दिसतं, आणि दाबलं की ते ते ॲप उघडतं. ते स्वतः पिक्चर चालवत नाही, म्हणून असल्या परवानग्याही मागत नाही. गुगल टीव्हीचं ॲपपण साधारण असंच आहे. फक्त जुने मराठी पिक्चर यात बरेचदा सापडत नाहीत, ते युट्यूबवर निर्मात्यांच्या चॅनलवर पडलेले असतात. आपल्याकडे पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, त्यामुळे खूप जुना असेल तर एकच पिक्चर चार ठिकाणी चार प्रतींत मिळतो, आवाज कुठला चांगला आहे ते ऐकून मगच आईला लावून द्या.

मोबाइलवाली_नाशिक:
दूरदर्शनच्या मालिकांसाठी प्रसार भारतीचं वेव्हज घ्या, नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, जुन्या मालिका आहेत आणि लाइव्ह चॅनलपण.
आणि एकाच ॲपमध्ये बऱ्याच ठिकाणचं चालवायचं असेल तर न्यूपाइप आहे. युट्यूब, पीअरट्यूब, साउंडक्लाउड, बँडकँप सगळं त्यात, गुगल अकाउंट लागत नाही, स्क्रीन बंद केली तरी कीर्तन चालू राहतं. कोड उघडा आहे, म्हणजे कुणीही तपासू शकतं, म्हणून मी विश्वास ठेवते. पण प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या उघड्या कोडच्या ॲप्सच्या स्टोअरवरून घ्यावं लागतं, युट्यूबच्या अटींत ते बसत नाही हेही माहीत असू द्या, आणि युट्यूबनं आतून काही बदललं की व्हिडिओ चालायचे बंद होतात, मग अपडेट येईपर्यंत वाट बघायची. एफ-ड्रॉइडमध्ये न्यूपाइपवाल्यांची स्वतःची रेपो (जिथून ॲप थेट येतं ती जागा) जोडली तर अपडेट लवकर मिळतं. तुम्ही वापरा, पण आईच्या फोनमध्ये नको, मध्येच बंद पडलं की त्यांना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या फोनमध्ये जस्टवॉच आणि वेव्हज टाकलं, दोन्ही पहिल्याच स्क्रीनवर ठेवली, आणि माइक दाबून नाव बोलायचं कसं ते शिकवलं. रात्री तिनं स्वतः शोधून मालिका लावली, मला हाक नाही मारली. ताई, न्यूपाइप माझ्या फोनमध्ये घेतलंय.
मामांकडे जाऊन आलो. त्यांनी परमिशन दिलेली होती. एपीके काढली, बँकेत कळवून दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले, आणि ग्रुपवरची ती फाइल त्यांनीच सगळ्यांसाठी डिलीट केली.