मंजूर करणारा कुणाचा?

ओपन सोर्स प्रकल्पात (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असतो तिथं) कुणाचा बदल कुणी मंजूर करावा, यावर वर कुणीतरी लिहिलंय, 'रिव्ह्यू म्हणजे तपासणी कोडची होते, कंपनीची नाही.' असेल बुवा. अशाच एका प्रकल्पाला पाठवलेला माझा अठरा ओळींचा पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती), देवनागरी शोधात नुक्ता (अक्षराखालचा टिंब) गळायचा तेवढ्यापुरता, चार महिने लोळत पडला. इथं सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या खोलीत लाईट गेली तरी मोबाईलवर उत्तर आलंय का बघायचो. त्याच प्रकल्पात एका कंपनीवाल्याचा बाराशे ओळींचा बदल दोन दिवसांत आत. मंजूर करणारा त्याच्याच टीममधला!

सगळीकडे असं नाही म्हणा. पोस्टग्रेस हा ओपन सोर्स डेटाबेस घ्या. २०२० मध्ये त्यावर काम करणाऱ्या ईडीबी कंपनीने सेकंडक्वाड्रंट ही तशीच दुसरी कंपनी विकत घेतली आणि पोस्टग्रेसच्या कोअर टीममध्ये (प्रकल्प सांभाळणाऱ्या मुख्य गटात) पाचातले तिघं एकाच कंपनीचे झाले. एका कंपनीचे निम्म्याहून जास्त नकोत, हा त्यांचा जुना अलिखित नियम. मग बाहेरचे आणखी दोघं घेतले. आपण निदान मंजुरी दुसऱ्या कंपनीच्या माणसाची हवी, एवढं तरी लिहून ठेवू या का?