लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टे आणि चौकोन : मदरबोर्ड बदलण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

सागरवेळ (प्रश्न)

नमस्कार. मी रत्नागिरीत छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करते. हे सगळे काम एकाच लॅपटॉपवर चालते. तो मी २०२१ साली घेतला असून त्याची वॉरंटी संपलेली आहे. पडदा १५.६ इंची, फुल एचडी आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मूळची ८ जीबी रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली आहे, आणि दोन वर्षांपूर्वी मी रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबीची पट्टी टाकून घेतली.

मे महिन्याच्या अखेरीस पडद्यावर बारीक आडवे पट्टे लुकलुकू लागले. ते काही क्षण राहतात, कधी पडद्याचा खालचा भाग थरथरल्यासारखा दिसतो, आणि मग सगळे पूर्ववत होते. जूनमध्ये याहून गंभीर प्रकार सुरू झाला. काम करता करता पडदाभर हिरवे-जांभळे चौकोन उमटतात, थोड्या वेळाने लॅपटॉप गोठतो आणि पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद करावा लागतो. असे आठवड्यातून दोन-तीन वेळा होते, आणि बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये बरेच टॅब व दोन मोठ्या एक्सेल फायली उघड्या असताना होते.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, काढून कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घेतला. एका दुकानात विंडोज पूर्णपणे नव्याने टाकून घेतले, त्यानंतर सहा दिवस सुरळीत गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता एक दुकानदार पडदा बदला म्हणतो. दुसरा म्हणतो की ग्राफिक्सची चिप गेली, मदरबोर्ड बदलावा लागेल, २२,००० रुपये होतील. तिसऱ्याने चिपला गरम हवा देऊन ३,००० रुपयांत काम करून देण्याची तयारी दाखवली. तिघांपैकी कोणीही लॅपटॉप उघडून पाहिलेला नाही. जुलै हा माझ्या कामाचा सर्वांत धावपळीचा महिना असतो, त्यामुळे चुकीच्या दुरुस्तीत पैसे आणि दिवस दोन्ही घालवणे मला परवडणार नाही. दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी ठरवता येईल का?

---

पाचवास्क्रू

मी कोल्हापुरात चौदा वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की त्यावरून काही अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर सुटा भाग बदलू नये असे माझे ठाम मत असल्यामुळे आधी तपासण्या सांगतो.

त्याहीआधी एक काम आजच करावे. ग्राहकांची सर्व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि बिटलॉकर या डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही ४८ अंकी असते आणि सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असते, आणि मदरबोर्ड बदलला की त्यावरची सुरक्षा चिपही बदलते, त्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना विंडोज ही की मागते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतले काहीच वाचता येत नाही. असा प्रसंग ओढवलेली माणसे मी दुकानात पाहिली आहेत, म्हणून हे सर्वांत आधी सांगितले.

आता चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते ते पाहू. प्रोसेसरमधील ग्राफिक्स चित्र तयार करून रॅममध्ये ठेवते. तेथून ते मदरबोर्डवरच्या कनेक्टरमधून एका केबलमध्ये जाते. ही केबल बिजागरीतून वळसा घेऊन झाकणात शिरते, आणि तिच्यातील केसाइतक्या बारीक तारा झाकणाच्या प्रत्येक उघडझापीला वाकतात. सर्वसाधारण फुल एचडी पडद्याला चित्र पोहोचवणाऱ्या दोन वाहिन्या असतात आणि प्रत्येकीतून सेकंदाला २.७ गिगाबिट इतक्या वेगाने संकेत जातात, म्हणून तार पूर्ण तुटण्याची गरज नसते, थोडी खराब झाली तरी चित्र बिघडते. झाकणात पडद्याखाली एक छोटी पाटी असते. ती हे संकेत वाचून काचेच्या कडेला चिकटवलेल्या, पडदा चालवणाऱ्या चिपांकडे पाठवते. एकाच जागी कायम राहणारी उभी रेघ दिसली तर दोष बहुधा या काचेच्या कडेचा असतो आणि मग पडदा बदलण्यावाचून इलाज नसतो. आपण मात्र येणारे-जाणारे आडवे पट्टे सांगता आहात.

या मार्गात दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी सर्वांत सोपी कसोटी स्क्रीनशॉटची आहे. स्क्रीनशॉट रॅममधील चित्राची नक्कल करतो, पडद्यावर प्रत्यक्ष काय उमटले याच्याशी त्याचा संबंध नसतो. पट्टे दिसत असताना विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबा आणि त्याच वेळी मोबाइलने पडद्याचा फोटोही काढा. फोटोत बिघाड दिसला आणि स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला, तर दोष केबलपासून पुढे आहे. स्क्रीनशॉटमध्येही बिघाड उतरला, तर तो चित्र तयार होण्याच्या बाजूचा आहे, म्हणजे ड्रायव्हर, ग्राफिक्स किंवा रॅम. चौकोन दिसतील तेव्हा हीच कसोटी स्वतंत्रपणे करा. दोन्ही लक्षणांचे मूळ एकच असेल असे आत्ताच गृहीत धरू नका.

दुसरी तपासणी म्हणजे विंडोज सुरू न करता बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर पंधरा मिनिटे थांबून झाकण हळूहळू मागे-पुढे करावे. तेथेही पट्टे आले तर विंडोज आणि ड्रायव्हर या दोघांचाही त्यात हात नाही. तिसरी म्हणजे एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून दोन्ही पडदे एकाच वेळी पाहावेत.

आणि टचपॅड वर उचललेला वाटतो का, तळाचे झाकण फुगले आहे का, हेही बघा. तसे असेल तर बॅटरी फुगली आहे. मग बाकीच्या तपासण्या थांबवून लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी आधी बाहेर काढून घ्यावी.

---

करडीपाटी

वरील उत्तरात दोन गोष्टींची भर घालतो. आपला प्रोसेसर इंटेलचा असेल आणि लुकलुकणे मुख्यतः चार्जर काढल्यावर, तेही पडद्यावर काही हलत नसताना होत असेल, तर पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही वीज वाचवणारी सोय बंद करून पाहावी. चित्र बदलत नसेल तेव्हा ही सोय पडद्याला स्वतःच्या स्मृतीतले चित्र दाखवायला लावते, आणि काही पडद्यांचे तिच्याशी जमत नाही. इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमध्ये पॉवरच्या विभागात ती सापडते. यात खर्च शून्य असल्यामुळे पडदा बदलण्यापूर्वी हे प्रत्येकाने करून पाहावे.

दुसरी गोष्ट इतर वाचकांसाठी आहे. प्रश्नकर्तीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स एकच असल्याने टीव्हीवरची कसोटी तिला उपयोगी पडेल. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा आहेत, त्यांच्याकडे एचडीएमआय अनेकदा थेट वेगळ्या कार्डाला जोडलेले असते आणि आतला पडदा प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर चालतो. तेथे टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसले म्हणून प्रोसेसरमधील ग्राफिक्स निर्दोष ठरत नाही.

---

सागरवेळ

दोघांचेही मनापासून आभार. पाच दिवस तपासण्या करून मगच लिहीत आहे.

बॅटरी फुगलेली नाही. पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद केले, फरक पडला नाही. बायोसच्या पडद्यावर झाकण सरळ असताना सगळे ठीक होते, पण साधारण १२० अंशांच्या पलीकडे नेताच पट्टे आले आणि पुढे आणल्यावर गेले. हे मी आठ वेळा करून पाहिले आणि आठही वेळा तसेच झाले. पट्ट्यांच्या वेळी काढलेला स्क्रीनशॉट अगदी स्वच्छ आहे, फोटोत मात्र पट्टे स्पष्ट दिसतात. टीव्हीवर त्या वेळी काहीही बिघाड नव्हता.

चौकोनांची गोष्ट वेगळीच निघाली. परवा संध्याकाळी ते आले तेव्हा लॅपटॉप गोठण्यापूर्वी वीसेक सेकंद मिळाले आणि मी कळा दाबल्या. चौकोन स्क्रीनशॉटमध्ये जसेच्या तसे उतरले आहेत, आणि टीव्हीवरही त्याच जागी होते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो असे वाचले होते, म्हणून तेही केले. पडदा क्षणभर काळा झाला, पण चौकोन परत आले.

याचा अर्थ पट्ट्यांचे कारण केबल आणि चौकोनांचे कारण ग्राफिक्सची चिप असा घ्यावा का? तसे असेल तर मदरबोर्डचा खर्च टळत नाही.

---

पाचवास्क्रू

पट्ट्यांबद्दल आता मला शंका उरलेली नाही. झाकणाच्या ठरावीक कोनाला येणारे, बायोसमध्येही दिसणारे आणि स्क्रीनशॉटमध्ये न उतरणारे पट्टे केबलचे किंवा तिच्या कनेक्टरचे असतात. असा दोष महागड्या यंत्रांतही आढळतो. ॲपलने मे २०१९ मध्ये २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या पडद्यांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली होती. त्या यंत्रांत बिजागरीवरून जाणारी लवचीक केबल झाकण उघडताना ताणली जाऊन झिजत असे, आणि पडद्याच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसत.

चौकोनांवरून मात्र चिप दोषी ठरवण्याची घाई नको. प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची वेगळी स्मृती नसते, ते मुख्य रॅममधलाच काही भाग वापरते. रॅममधील सदोष जागेवर चित्राचा भाग आला तर रंग चुकतात, आणि विंडोजची माहिती आली तर यंत्र गोठते. जितकी अधिक रॅम वापरात येते तितकी सदोष जागा वाट्याला येण्याची शक्यता वाढते, आणि आपण मोठ्या फायली उघड्या असतानाचेच प्रसंग सांगितले आहेत. शिवाय आपल्याकडे एक पट्टी नंतर टाकलेली आहे. म्हणून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. या तपासणीत एकही चूक निघणे मान्य नसते. चूक निघाली तर पट्टी काढून, फक्त मदरबोर्डवरच्या ८ जीबीवर तीच तपासणी पुन्हा करा.

बऱ्याच ठिकाणी रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासतात. त्याने वरचा मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड वापरावे.

गरम हवेच्या उपायाला मात्र स्पष्ट नकार द्या. त्याचा इतिहास मी जवळून पाहिलेला आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या सदोष जडणघडणीमुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्यानंतर कित्येक वर्षे अशा चिपा तापवून देण्याचा धंदा गावोगाव चालला. दोष होता चिपच्या आत, सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पाटी यांना जोडणाऱ्या सूक्ष्म टाक्यांत. तापवल्याने ते टाके काही आठवडे पुन्हा टेकत आणि नंतर सुटत. ग्राहक त्याच कामाचे पैसे दोनदा-तीनदा देत असे. आपल्या यंत्रात तर चिप सदोष असल्याचा पुरावाच नाही, उलट त्या उष्णतेने शेजारचे धडधाकट भाग बिघडतील.

---

करडीपाटी

केबल बदलून घेताना कारागिराला बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवायला आवर्जून सांगा. पडद्याच्या दिव्यांना लागणारा वीजपुरवठा पडद्याच्या केबलच्या कनेक्टरमधूनच जातो. बॅटरी जोडलेली असताना तो काढला-घातला आणि टोके एकमेकांना चिकटली, तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो आणि मग चित्र असूनही पडदा अंधारलेला राहतो. तसेच बिजागरीजवळचे प्लॅस्टिकचे खांब तडकलेले नाहीत ना, हे लॅपटॉप उघडलेला असतानाच पाहून घ्या, कारण ते तडकले असतील तर बिजागरी वाकडी फिरते आणि नवी केबलही काही महिन्यांत चिमटली जाते. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पायांवर हिरवट थर धरतो. तो असेल तर नुसती केबल बदलून भागणार नाही, कनेक्टर स्वच्छ करावा लागेल.

पुढेमागे पडदा बदलावा लागलाच तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून तो मागवू नये. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे पडदे बसवलेले असतात, काहींना ३० पायांचा कनेक्टर असतो तर काहींना ४० पायांचा. पडद्याच्या मागच्या चिठ्ठीवरचा क्रमांक जुळवूनच घ्यावा.

---

सागरवेळ

काम झाले, म्हणून क्रमाने लिहिते. मेमटेस्टमध्ये दुसऱ्याच फेरीत शंभराहून अधिक चुका निघाल्या. पट्टी काढल्यावर चारही फेऱ्या शून्य चुकांनी पूर्ण झाल्या. दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळावे म्हणून भावाच्या लॅपटॉपमधली पट्टी त्याच जागी बसवून पुन्हा रात्रभर तपासणी केली, तेव्हाही चूक आली नाही. माझ्या पट्टीच्या पावतीवर दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली आहे, त्यामुळे ती बदलून मिळावी म्हणून पाठवली आहे.

केबलसाठी मी चौथ्या दुकानात गेले आणि फोटो व स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्या कारागिराने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवला आणि उजव्या बिजागरीजवळ केबलचे वरचे आवरण फाटून आतली जाळी उघडी पडलेली दाखवली. त्या बाजूचा प्लॅस्टिकचा एक खांबही तडकलेला होता, तो त्याने जोडून दिला. केबलचे १,१०० आणि मजुरीचे ७०० असे १,८०० रुपये झाले. जुनी केबल मी मागून घेतली आहे.

या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. सध्या लॅपटॉप ८ जीबीवर चालतो, एका वेळी एकच मोठी फाइल उघडते. झाकण कोणत्याही कोनात नेले तरी पट्टे येत नाहीत आणि चौकोन एकदाही दिसलेले नाहीत. नवी पट्टी आली की ती बसवून मेमटेस्ट करीन आणि निकाल येथेच कळवीन.