मदत हवी आहे: आईच्या घरापासून आरोग्य केंद्राचं 'अंतर' मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी, पब्लिक हेल्थ शिकतेय, प्रोजेक्टसाठी मदत हवीये. आई कुठे राहते यावर ती गरोदरपणातल्या तपासण्या, डिलिव्हरी, नंतरचं चेकअप, बाळाच्या लशी यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात जाते की नाही हे किती ठरतं, असा विषय आहे.

गाइड म्हणतात मॅपवर घर ते केंद्र अंतर काढ, पाच किलोमीटरच्या आत ते जवळ, बाकी लांब. मला हे अजिबात पटत नाहीये. सरळ रेषेत तीनच किलोमीटर, पण मधे नदी आहे, पावसाळ्यात रस्ता बंद, आठवा महिना चालू आणि कडेवर मोठं पोर, तर त्या बाईसाठी ते तीन किलोमीटर राहतात का? परत एकदा जाऊन भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये गरोदरपणात किमान 8 वेळा तपासणी व्हावी असं सांगितलं, त्याआधी 4 होत्या. सल्ला योग्यच आहे, पण जिचा एका फेरीत अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते तिने आठ वेळा कसं जमवायचं?

थॅडियस आणि मेन या संशोधकांचं 1994 चं, गरोदरपणात-बाळंतपणात आईचा जीव का जातो यावरचं तीन उशिरांचं मॉडेल वाचलं (जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर). लोक अंतर फक्त दुसऱ्या उशिरात धरतात, पण लांब आहे म्हणून निघायचं ठरतच नाही, म्हणजे पहिल्यातही तेच आलं ना. आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर काही तासांत जीव जाऊ शकतो, तिथे हा उशीर परवडतच नाही.

शहरात वेगळंच, केंद्र दोन गल्ल्या सोडून असतं पण उघडं त्याच वेळेत जेव्हा ती कामावर असते. काही जणी तर जवळचं सोडून मुद्दाम लांब जातात कारण जवळ औषधं नसतात किंवा तपासायला बाईमाणूस नसतं, यांना 'लांब' धरू की 'जवळ'?

अजून एक अडचण, लांब राहणारी घरं बऱ्याचदा गरीबही असतात, शिक्षणही कमी, मग जे दिसतंय ते अंतरामुळे की गरिबीमुळे हे वेगळं कसं करायचं? उत्पन्न आणि शिक्षण माझ्या आकडेवारीच्या (स्टॅटिस्टिकल) मॉडेलमध्ये टाकलं की पुरेल का?

सध्या तरी किलोमीटरसोबत पोचायला लागणारा वेळ, कशाने जाते, सोबत कोण येतं आणि घरी मुलांना कोण बघतं एवढं विचारायचं ठरवलंय. ज्यांनी घरोघर जाऊन असा सर्व्हे केलाय त्यांनी प्लीज सांगा, वेळ मिनिटांत विचारला तर बायकांना सांगता येतो का, की "सकाळी निघालात तर घरी परत कधी येता" असं विचारलेलं बरं? फॉर्म अजून फायनल केलेला नाही, बदल करता येतील.