दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना बसायचा हक्क हवा की नको?

काउंटरच्या_आतून (धागा सुरू करणारी)

कपड्यांच्या मोठ्या दुकानात मी काही वर्षं काढली. आधी फ्लोअरवर, मग बिलिंगला. आता माझी नोकरी वेगळी आहे, पण धाकटी बहीण त्याच लाइनमध्ये आहे, म्हणून विषय सुटत नाही. माझं म्हणणं असं की गिऱ्हाईक समोर नसताना बसायचा हक्क महाराष्ट्रातल्या दुकान-कामगाराला कायद्याने मिळावा, आणि त्यासाठी काउंटरमागे खरोखरचं स्टूल असावं.

बाहेरून हे काम हलकं दिसतं. एसी आहे, उन्हातान्हात फिरायचं नाही, स्वच्छ शर्ट घालून उभं राहायचं. आता आतली बाजू सांगते. ओपनिंग शिफ्ट असली की शटर उघडण्याआधी पोचायचं. झाडपूस, पुतळ्यांचे कपडे बदलणं, आदल्या रात्री ट्रायल रूममध्ये साचलेला ढीग घड्या घालून साइझप्रमाणे रॅकला लावणं. गिऱ्हाईक त्यानंतर येतं. सेल असला तर एकाच टेबलावरचे टी-शर्ट दिवसभर घडी करत राहायचं. आणि मंगळवारी दुपारी फ्लोअर रिकामा असला तरी बसायचं नाही. भिंतीला टेकलं तरी कॅमेऱ्यात दिसतं आणि संध्याकाळी बोलणी बसतात. टॉयलेटला जायचं तर इन्चार्जला विचारून. स्टाफचं टॉयलेट बेसमेंटला, येण्याजाण्यातच ब्रेक संपतो. त्यामुळे पोरी पाणीच पीत नाहीत. रात्री निघताना बॅग तपासायची रांग असते, तो वेळ कुठल्याच हजेरीत धरत नाहीत. कॅश शॉर्ट आली तर पगारातून. सणाच्या आठवड्यात सुट्टी घेतली तर खाडा, शिवाय इन्सेंटिव्ह गेला तो वेगळाच.

केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या बायकांनी आधी टॉयलेटसाठी आणि मग बसण्यासाठी संघटना बांधली. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पुढाकार घेतला. २०१४-१५ मध्ये त्रिशूरला साड्यांच्या दुकानातल्या विक्रेत्या याच मागणीसाठी संपावर गेल्या होत्या. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारने कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. आपल्याकडे दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा २०१७ चा. त्याने दुकान ३६५ दिवस उघडं ठेवायला परवानगी दिली. बसण्याच्या हक्कासाठी मात्र अजून कुणी हटून बसलेलं दिसत नाही.

"ही शिकायची नोकरी आहे, कोण जन्मभर करतंय" असं ऐकते. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणी अजून तिथेच आहेत. त्यांची लग्नं झाली, मुलं शाळेत गेली, काउंटर तोच. असं असताना ते काम चार दिवसांचं समजून कसं चालेल?

साडीवाला_दादर

ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण कायद्याचा मार्ग मला पटत नाही. आमचं दुकान वडिलांच्या आधीपासूनचं. आज माझ्याकडे बारा माणसं आहेत. त्यातली चार वडिलांच्या वेळची. मुलीच्या लग्नाला उचल दिली, आजारपणात पगार कापला नाही, दिवाळीला बोनस ठरलेला. हे सगळं कागदावर कुठेही नाही.

साडी दाखवणं हे उभ्याचं काम आहे. मागच्या फळीवरून काढायची, उलगडायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा. गिऱ्हाईक दारात आलं आणि समोरचा माणूस खुर्चीत दिसला तर ते शेजारच्या दुकानात जातं. तुम्हाला ते पटणार नाही, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला ते दिसतं. ऑनलाइनने आधीच निम्मा रोजचा धंदा नेला. उरला तो लग्नसराई आणि दिवाळी. त्या दिवसांत बसायला वेळ कुणालाच नसतो, मलाही नसतो. जागेचं भाडं बघता काउंटरमागे तीन स्टुलं म्हणजे तीन फळ्या माल कमी. आणि एकदा कायदा आला की तपासणीला माणूस येणार. तो स्टूल मोजेल आणि जाताना वेगळंच काही मागेल.

काउंटरच्या_आतून

काका, तुमच्यासारखे मालक आहेत, मला माहीत आहे. पण आपल्या साडीच्या जुन्या दुकानांमध्ये पांढऱ्या गाद्या असायच्या, काही ठिकाणी अजून आहेत. विकणारा मांडी घालून बसायचा, गिऱ्हाईकही समोर बसायचं, चहा यायचा आणि ढीगभर साड्या उलगडल्या जायच्या. धंदा त्यावरच उभा राहिला. बसलेला माणूस आळशी दिसतो ही समजूत काचेच्या काउंटरबरोबर आणि मॉलबरोबर आली. तुमच्याच पेठेतला इतिहास तुमच्या मुद्द्याच्या विरोधात आहे.

उचल आणि लग्नाच्या मदतीबद्दल आदर आहे. ती तुम्ही देता कारण तुम्ही चांगले आहात. पुढच्या गल्लीतला मालक तसा नसेल तर तिथल्या मुलीने काय करायचं?

फ्लोअर_ते_मॅनेजर

नाशिक. बारावीनंतर ट्रॉली ढकलण्यापासून सुरुवात केली, आज एका मोठ्या स्टोअरचा मॅनेजर आहे. त्यामुळे दोन्ही बाजू अंगावर घेतल्या आहेत.

धाग्यातलं वर्णन खरं असलं तरी एकांगी आहे. या कामाने मला अनोळखी माणसाशी बोलायला शिकवलं. चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर आवाज न चढवता उभं राहणं, महिनाअखेरीचा स्टॉक जुळवणं, कुठला माल कुठे ठेवला की उठतो, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. गावाकडून आलेल्या, इंग्रजीची भीती असलेल्या पोरांना डिग्री न विचारता दार उघडणारी दुसरी लाइन कुठली आहे सांगा. नियम वाढवले की कंपनी पहिला विचार करते तो माणसं कमी करण्याचा. गिऱ्हाइकाने स्वतः बारकोड मारून बिल करायची मशीन आता आपल्याकडेही दिसायला लागली आहेत.

आणि बसायचा हक्क म्हणजे मोबाइल काढायचा हक्क होतो, हे रोज बघतो. बिलिंगला स्टूल द्यायला माझी ना नाही. फ्लोअरवर नको. फ्लोअरवर बसलेल्या माणसाला कोपऱ्यातली चोरी दिसत नाही, अडलेलं गिऱ्हाईकही दिसत नाही.

ओपीडी_पुणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी टाच जमिनीला टेकवता येत नाही म्हणून येणाऱ्यांमध्ये सेल्समन, सिक्युरिटी गार्ड, शिक्षक आणि स्वयंपाकाच्या बायका नेहमी असतात. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढायला पोटरीच्या स्नायूंची जी मदत लागते ती मिळत नाही. पाय सुजतात, शिरा फुगतात, कंबर धरते. चालणाऱ्यापेक्षा एका जागी उभं राहणाऱ्याला हा त्रास जास्त. त्यावर पाणी कमी पिणं आणि लघवी धरून ठेवणं, मग बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

मॅनेजरसाहेब, दिवसभर बसून राहणंही वाईटच, ते कुणी मागत नाहीये. तासाभराने पाच मिनिटं टेकायला मिळालं तर फरक पडतो. पायाखाली जाड रबरी मॅट टाकली तरी पडतो. मी रुग्णाला हे सांगते आणि तो म्हणतो, "मॅडम, हे तुम्ही आमच्या सरांना सांगा."

ऑफरोल

सगळे स्टुलावर भांडताय. मी ठाण्यात एका मोठ्या स्टोअरमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरला आहे. युनिफॉर्म एका ब्रँडचा, दुकान दुसऱ्याचं, पगार तिसऱ्या एजन्सीकडून. टार्गेट ब्रँडवाले देतात, उठबस स्टोअर मॅनेजर ठरवतो, आणि पगार उशिरा झाला की एजन्सीचा फोन लागत नाही. मुलाखतीत अठरा हजार सांगितले होते, हातात तेराच्या आत येतात. पीएफचा माझा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा, दोन्ही त्या अठरातूनच. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मागून मागून थकले.

मला खुर्ची नको असं नाही. पण आधी माझा मालक कोण ते मला सांगा. खुर्ची मागायची तरी कुणाकडे?

साडीवाला_दादर

ऑफरोल यांचं वाचून वाईट वाटलं. पण बघा, मला जे म्हणायचं होतं ते हेच. ज्यांना कायदा पाळायचा नाही त्यांनी मधे एजन्सी घातली आणि मोकळे झाले. नवा नियम आला की तो माझ्यासारख्या नाव-पत्ता असलेल्या दुकानदारालाच लागणार.

स्टुटगार्टहून

इथे किराणा सुपरमार्केटचे कॅशियर बसूनच बिल करतात. गिऱ्हाईक उभं, कॅशियर बसलेला, आणि त्यात कुणालाही अपमान वाटत नाही. वेग तर असा की सामान पिशवीत भरताना आपलीच तारांबळ उडते. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे आठवड्याची सुट्टी मागायला तोंड उघडावं लागत नाही.

मात्र काम हलकं आहे असं समजू नका. विद्यार्थी असताना मी ते केलं आहे. रांग संपली की तोच कॅशियर उठून पेट्या फोडतो, फळ्या भरतो, फरशीही पुसतो. बसणं आणि कामचुकारपणा यांचा संबंध मला तरी तिथे दिसला नाही.

फ्लोअर_ते_मॅनेजर

जर्मनीत एका कॅशियरमागे जेवढा पगार आहे तेवढ्यात आमच्याकडे कितीतरी पोरांना काम मिळतं. तुलना करायची तर सगळीच करा. आमच्या सुट्ट्यांच्या दिवशी गिऱ्हाईक बाहेर पडतं. रविवार बंद ठेवला तर दुकानच बंद करावं लागेल.

काउंटरच्या_आतून

रविवार बंद ठेवा असं कुणीच म्हटलेलं नाही. २०१७ च्या कायद्यानेच सातही दिवस दुकान उघडं ठेवता येतं, फक्त प्रत्येक माणसाला आठवड्याला एक सुट्टी द्यायची. सलग काही तास काम झालं की अर्धा तास विश्रांती द्यायची. जास्त तासांना दुप्पट दर. हे सगळं आजच छापलेलं आहे. तुमच्या स्टोअरमध्ये दिवाळीच्या आठवड्यात दुप्पट दर मिळतो का, की "नंतर कॉम्प-ऑफ घे", म्हणजे बदली सुट्टी घे, सांगतात आणि तो नंतर कधी येत नाही? रागाने विचारत नाहीये. मॅनेजर होण्याआधी तुम्हीही त्या रांगेत होता.

काका, तपासणीची भीती मला कळते. पण हा कायदा आधी १० किंवा जास्त कामगारांच्या दुकानांनाच पूर्ण लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती अट २० वर न्यायला आणि दिवसाचे ९ तास १० करायला मंजुरी दिली. म्हणजे तुमच्या बारा माणसांचं दुकान त्यातून बाहेरच पडतं. तुमचा जाच कमी होतो आणि त्या बारांपैकी कुणाला काही मागायचं असेल तर त्याच्या हातात कागद उरत नाही. लहान दुकानातल्या माणसाचे पाय कमी दुखतात का?

ऑफरोल, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. नेमणूकपत्र दिलंय का ते आधी बघ, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ते द्यायची सक्ती आहे. त्यावर ज्याचं नाव, तो तुझा मालक. पीएफचं पासबुक यूएएनने, म्हणजे तुझ्या पीएफ क्रमांकाने, ऑनलाइन उघडतं. कुठल्या महिन्याचे पैसे भरले नाहीत ते दिसेल, त्याचा स्क्रीनशॉट ठेव. एजन्सीने भरले नाहीत तर ज्या कंपनीने तिला कंत्राट दिलं तिच्याकडेही मागता येतं. एकटीने जाऊ नकोस, त्याच एजन्सीच्या तीन-चार मुली मिळून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ऑफरोल

नेमणूकपत्र नाहीये. व्हॉट्सॲपवर "उद्यापासून जॉइन व्हा" एवढाच मेसेज आहे. पासबुक आत्ताच उघडून बघितलं. तीन महिने कोरे आहेत, आणि स्लिपवर त्या तिन्ही महिन्यांची कपात दाखवली आहे. माझ्या काउंटरशेजारच्या दोघींना विचारते, त्यांचीही एजन्सी तीच आहे.

साडीवाला_दादर

मुली, तो मेसेज आणि त्या स्लिपा जपून ठेव, कुणी मागितल्या तर झेरॉक्स दे, मूळ कागद देऊ नकोस. तुझा पैसा तुला मिळायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही.

स्टुलाच्या कायद्याला मात्र माझा विरोध कायम आहे. गाद्यांचा मुद्दा बरोबर होता. पण गादीवर गिऱ्हाईक तासभर थांबायचं. आजचं गिऱ्हाईक दारातूनच मोबाइलमधला फोटो दाखवून विचारतं, "ही आहे का?" उठायलाही सवड देत नाही.